सीटखालची पट्टी

बाहुबली मगदूमला डूख धरायला शिकवलं ते एका पाखरानं.

लहानपणी कबनूरच्या मळ्यात त्यांच्या म्हशीच्या पाठीवर एक कोतवाल बसायचा. काळाकुळकुळीत, मुठीत मावेल एवढा, शेपटी मधोमध चिरलेली. बांधावरच्या बाभळीत त्याचं घरटं होतं. त्या बाजूला घार फिरकली रे फिरकली की हा पठ्ठ्या म्हशीवरून सुटायचा तो थेट तिच्या मानगुटीवर. टोचे मारत मारत तिला उसापलीकडं हाकलायचा आणि लगेच माघारी फिरायचा. लांब कधी जायचा नाही, आणि विसरायचा तर त्याहून नाही. एकदा बाहुबलीनं गंमत म्हणून घरट्याकडं खडा भिरकावला. त्यानंतर तो सगळा उन्हाळा पोरगं डोक्यावर पोतं घेऊन मळ्यात जायचं. टाळूवर बसलेल्या टोच्यांचं त्याला दुखलं खरं, पण मनातून पाखरू फार आवडलं.

पुढं बाहुबली मोठा झाला, म्हणजे वयानं झाला. कुंभोजच्या डोंगरावरची बाहुबलीची उंच उभी मूर्ती सगळ्या जिल्ह्यानं पाहिलेली, त्यामुळं ह्यानं नाव सांगितलं की समोरचा आधी वर बघायचा आणि मग खाली. कोण कोण हसलं होतं हे बाहुबली आजही चेहऱ्यासकट सांगेल. तो भांडायचा नाही, आवाज चढवायचा नाही. फक्त ठेवून द्यायचा.

शिरोलीला चुलतभाऊ केतनबरोबर त्यानं फायबरचं वर्कशॉप काढलं. बसची पुढची तोंडं, पाण्याच्या टाक्या, बागेतले घसरगुंडीचे हत्ती, आणि गणपतीच्या दिवसांत तालमींचे, म्हणजे गल्लीगल्लीतल्या मंडळांचे, देखावे. डोकं आणि हात बाहुबलीचे, तोंड केतनचं. केतन बोलायला लागला की गिऱ्हाईक हत्ती घ्यायला आलेलं जिराफही घेऊन जायचं. दोघांचं बरं चाललं होतं. आणि त्याच दिवसांत, काम आटोपल्यावर, बाहुबलीनं कोतवाल बनवायला घेतला.

हे अंतराळातलं लढाऊ यान होतं, पण जवळच्या पल्ल्याचं. कुणी मागितलं नव्हतं, कुठल्या तालमीनं सांगितलं नव्हतं. प्लायवूडच्या तुकड्यावर खडूनं काढून त्यानं ते पहिल्यांदा बायकोला दाखवलं. अक्काताई दोडका चिरत होत्या.

"एवढंसं? ह्यात माणूस झोपणार कुठं?"

"झोपायचं न्हाई त्यानं. भाईर पडायचं, आलेल्याला हाकलायचं, जेवायच्या आत माघारी."

"आणि लांब जायाचं झालं तर?"

"जायाचंच न्हाई. आपला तळ दिसतोय तवर जायचं. दिसंनासा झाला की फिरायचं."

"म्हंजे तुमच्यासारखंच की. सांगली आली की तुमास्नी घर आठवतंय," अक्काताई म्हणाल्या. मग त्यांनी विळी बाजूला सारून नीट बघितलं. "बंदूक कुठाय ह्याला?"

"आपल्या घरात बंदूक? ह्याला चोच हाय. मारायचं न्हाई, ढकलून लावायचं."

"आणि ढकलताना मेला कोण तर?"

बाहुबलीला एवढं आडवं विचारलेलं आवडलं नाही. पण अक्काताईंनी विचारलं, म्हणून त्यानं चोचीच्या टोकाला जाड रबर बसवलं. जैन मुनींच्या प्रवचनाला पुढच्या रांगेत बसणारा माणूस तो. यानाच्या बाबतीतही अहिंसा जमेल तेवढी पाळत होता.

यानाला पंख नव्हते. अंतराळात हवा नाही, मग पंख कशाला हवेत? त्याऐवजी दुभंगलेली शेपटी होती आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक इंजिन. एक पुढं ढकलणार, दुसरं मागं ओढणार, आणि यान जागच्या जागी गर्रकन फिरणार. ज्याला लांब जायचंच नाही त्याला वळता झटकन आलं पाहिजे, हा सगळा हिशोब म्हशीवरच्या पाखराचा. आणि दार? बसायच्या जागेवरचं झाकण खाली आलं की आपोआप खट् लागायचं. बाहेरून त्याला मूठ नाही, फट नाही, काही नाही. उघडायचं तर आतल्यानंच, सीटखालची एक पट्टी वर ओढून.

"भाईरनं का न्हाई उघडत?" अक्काताईंनी विचारलं होतं.

"भाईरनं उघडाय येणारा आपला नसतोय."

हातभर लांबीचं मॉडेल त्यानं बनवलं. त्याची शेपटी वळायची, झाकण लागायचं, नखानं पट्टी उचलली की टुणकन उघडायचं. बाहुबलीनं आयुष्यात एवढी सुंदर वस्तू दुसरी केली नव्हती. आणि ती पुरी झाल्या झाल्या त्याला कावीळ झाली.

कावीळ लांबली. तो अंथरुणात उसाचा रस पीत पडलेला असताना केतननं मॉडेल उचललं आणि हायवेवरच्या एका वॉटरपार्कच्या मालकाला नेऊन दाखवलं. पार्काच्या फाटकावर ट्रकएवढा कोतवाल उभा राहिला. पेपरात फोटो आला. केतन कंबरेवर हात ठेवून उभा, खाली ओळ: केतन मगदूम यांच्या कल्पनेतून साकारलेलं अंतराळयान. बाहुबलीनं फोटो डोळ्यांजवळ नेला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोतवालाला दोन पंख होते!

"अण्णा, तुम्ही आजारी," केतन म्हणाला. "नाव कुणाचं का लागंना, आपल्या घरचंच की. आणि पंखाचं म्हणाल तर लोकांना पंख लागत्यात. पंखाबिगर इमान म्हंजे त्यास्नी घागर वाटतीया."

चोरला तर चोरला, वर त्याला पंख लावले. बाहुबली त्या दिवशी वर्कशॉपमधनं बाहेर पडला तो परत गेला नाही. उद्यमनगरात एक खोपटवजा शेड घेऊन तो फुटक्या टाक्यांना ठिगळं लावू लागला. मॉडेल केतनकडंच राहिलं. केतनचं नाव झालं, तालमी त्याच्या दारात यायला लागल्या. आणि बाहुबलीला आता एकच गोष्ट पाहिजे होती. केतननं एकदा, चारचौघांत, स्वतःच्या तोंडानं म्हणावं: कोतवाल माझा नाही, अण्णांचा. बस्स. बाकी काही नको होतं.

पण केतन म्हणायचा ते वेगळंच.

गणपतीचे दहा दिवस ते आमच्या जैनांचे दशलक्षण पर्वाचे दिवस, असं बाहुबली परक्या माणसाला समजावून सांगायचा. बाहेर ढोल वाजत असतात आणि आत उपास चाललेले असतात. पर्व संपलं की येते क्षमावाणी. पांढरे कपडे घालून माणसं एकमेकांच्या घरी जातात, हात जोडतात आणि वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. केतन दरवर्षी न चुकता यायचा. पोरगी आदितीला बरोबर घेऊन, उंबऱ्यात वाकून म्हणायचा, "अण्णा, वर्षभरात कळत-नकळत काय चुकलं असंल तर क्षमा असावी."

काय चुकलं ते बोल की भडव्या, असं बाहुबलीच्या अगदी ओठावर यायचं. ते गिळून, जरा थांबून, तो म्हणायचा, "क्षमा." दुकानाचं शटर खाली ओढावं तसा तो शब्द पडायचा. केतन चुळबुळत उभा राहायचा आणि निघून जायचा.

"पाणी तरी इचारायचं," अक्काताई मागनं म्हणायच्या. "तोंडानं क्षमा म्हणायचं आणि पोटात इंगळ ठेवायचा. त्यापेक्षा शिव्या घाला की एकदा."

बाहुबली चपला घालून शेडकडं निघायचा.

यंदा कोल्हापूरच्या पेठेतल्या एका तालमीनं अंतराळातल्या लढाईचा देखावा धरला. तालमीचा अध्यक्ष धैर्यशील, गडी मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा, त्यानं काम केतनला दिलं. साखळ्यांवर टांगलेला कोतवाल वरून झेप घेणार, शत्रूच्या तबकडीला ढकलून लावणार. आत खराखुरा वैमानिक, त्याच्या हेल्मेटात माईक, आवाज स्पीकरवर. आणि उद्घाटनाला वैमानिक म्हणून स्वतः केतन बसणार.

बाहुबली मांडवावरून सहज चालला होता असं त्याचं म्हणणं. उद्यमनगरातून घरी जायचा रस्ता तो नव्हे, पण असो. धैर्यशीलनं हाक मारली, "या की अण्णा, बंधूंचं काम बघून जावा!" केतन तेव्हा तिथं नव्हता. बाहुबली शिडी चढला.

तो आत डोकावला. केतननं काहीही सोडलं नव्हतं. वरचे पंख वगळले तर मॉडेलचा कण न् कण मोठा करून ठेवला होता. कुलूप तेच, स्प्रिंग तीच, आणि सीटखाली ती पट्टीही तशीच. नक्कल करायला केतनचा हात मुळात चांगला, डोळा त्याहून चांगला. न कळलेली वस्तूसुद्धा जशीच्या तशी उतरवायची त्याला सवय.

"ही पट्टी कशाची रं?" बाहुबलीनं कामगाराला विचारलं.

"सीटला आधार हाय म्हणाले केतनशेठ." कामगारानं झाकण लावलं आणि कडेच्या फटीत बोटं घालून बाहेरूनच उघडून दाखवलं. "असं उघडतंय बघा. परवा कडंनं रबर बसवलं की एकदम फिट्ट."

शिडीखाली काळ्या रबराचं वेटोळं पडलेलं होतं. एकदा ते कडेनं बसलं की बोट जाणार नाही. बाहुबलीला सगळं एका क्षणात दिसलं. ट्रकएवढ्या कोतवालाच्या पोटात बसलेला केतन, खट् झालेलं झाकण, आणि खाली सगळी पेठ. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेच्या टोकापर्यंत आलंसुद्धा. बाहुबली ते वाक्य तोंडात धरून शिडी उतरला, धैर्यशीलला नमस्कार केला आणि घरी आला.

जैनांच्या रिवाजाप्रमाणं दिवस मावळायच्या आत तो जेवायला बसला आणि एक भाकरी जास्त खाल्ली.

"काय झालंय?" अक्काताईंनी संशयानं विचारलं.

"काय न्हाई. बरं वाटतंय."

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मंदिरात प्रवचन होतं सत्यावर. सत्य झाकून ठेवणं हेही असत्यच, असं पंडितजी म्हणाले. बाहुबलीनं ते वाक्य आपल्या सोयीनं घेतलं, म्हणजे केतनच्या खात्यावर टाकलं. केतन दोन रांगा पुढं बसला होता. त्यानं त्या दिवशी पाण्याचा थेंबही न घेण्याचा उपास धरल्याचं आदिती कुणाला तरी सांगत होती. ते बाहुबलीनं ऐकलं.

दिवेलागणीला पेठ माणसांनी गच्च भरली. बाहुबली पांढरा शर्ट घालून अगदी पुढं उभा राहिला. केतन चंदेरी पोशाखात कोतवालात बसला, लोकांना हात केला, आणि झाकण खाली आलं. खट्. एवढ्या गोंगाटात तो आवाज एकट्या बाहुबलीनं ऐकला असेल.

देखावा झकास झाला, हे मान्य केलं पाहिजे. कोतवालानं झेप घेतली, तबकडी मागं हटली, स्पीकरवरून केतनचा आवाज घुमला, "कोतवाल तळाकडं परततोय!" शिट्ट्या पडल्या. यान माणसाच्या उंचीवर येऊन थांबलं. झाकण काही उघडलं नाही.

केतननं आतून ढकललं. मग दोन्ही हातांनी ढकललं. "धैर्यशील, जरा भाईरनं वढा," स्पीकर म्हणाला. धैर्यशीलनं हात फिरवला, पण धरायला होतंच काय? लोक हसायला लागले. कुणीतरी कटर घेऊन धावला तसा स्पीकर ओरडला, "कटर लावू नका! उद्या परीक्षक येणार हायत!" लोक आणखी हसले. खालच्या भोकांतून हवा येत होती, जिवाला धोका नव्हता. पण आत दिवे लावलेले, अंगात प्लॅस्टिकचा पोशाख, आणि पोटात सकाळपासून पाणी नाही. थोड्या वेळानं स्पीकरवर नुसता श्वास ऐकू यायला लागला. हसणं थांबलं.

"बाहुबलीअण्णा!" धैर्यशीलला तो दिसला. "तुमास्नी काय उमगतंय का बघा की!"

बाहुबली पुढं झाला. झाकणाच्या काचेपलीकडं केतनचा घामानं थबथबलेला चेहरा होता, आणि सीट खोल असल्यामुळं तो बाहुबलीपेक्षा खाली होता. हे पहिल्यांदाच घडत होतं. बाहुबलीनं ते मनसोक्त बघून घेतलं.

"केतन, ह्यो कोतवाल कुणाचा?"

"अण्णा, आधी उघडा की."

"सांग."

"आपल्या घरचा हाय, अण्णा."

"घरात मी हाय, तू हाईस, म्हस बी हाय. कुणाचा?"

माणसं पुन्हा हसली, पण जपून. काहीतरी वेगळं चाललंय हे पेठेला कळायला लागलं होतं. आदिती गर्दीतून वाट काढत आली आणि बाहुबलीचा हात धरून म्हणाली, "काका, बाबांनी सकाळपासून पाणी घेतलेलं नाही. नंतर भांडा ना." बाहुबलीनं ते ऐकलं. ऐकून त्यानं हात सोडवून घेतला.

"पंख कुणी लावले?"

"मी लावले."

"लावायचे हुते का?"

"नव्हते, अण्णा."

"मग कुणाचा कोतवाल?"

केतननं डोळे मिटले. मग सगळ्या स्पीकरांमधून एकदम, घराघरांवर आपटत, त्याचा घोगरा आवाज आला. "कोतवाल अण्णांचा हाय. बाहुबली मगदूमांचा. मी चोरला."

काय त्या शिट्ट्या! काय त्या टाळ्या! इतकी वर्षं ज्याच्यासाठी दात-ओठ खाल्ले ते एवढ्या मोठ्यानं झालं होतं की पंचगंगेपर्यंत ऐकू गेलं असेल. बाहुबली कान भरून ऐकत राहिला. लगेच बोलायची त्याला घाई नव्हती. टाळ्या ओसरू दिल्या, एक शिट्टी उशिरा आली तीही संपू दिली, आणि मग काचेजवळ तोंड नेऊन तो म्हणाला,

"सीटखालची पट्टी वर वढ."

केतननं खाली हात घातला. खट्. झाकण आपोआप वर गेलं.

केतन झाकणाकडं बघत नव्हता, हातातल्या पट्टीकडं बघत होता. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हंजे ह्यास्नी म्हाईत हुतं व्हय?" एवढं शांत झालं होतं की ते सगळ्यांना ऐकू गेलं. केतनला दोघांनी धरून उतरवलं. धैर्यशीलनं पाण्याची बाटली त्याच्या तोंडाशी नेली. केतननं काळोखलेल्या आभाळाकडं बघितलं, मान हलवली आणि बाटली बाजूला सारली; दिवस मावळला होता, आता उजाडेपर्यंत पाणी चालणार नव्हतं. ओठांच्या साली निघालेल्या होत्या. आदिती त्याला घेऊन गेली. जाताना दोघांपैकी कुणीही वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीनं फलक बदलला. संकल्पना: बाहुबली मगदूम. पंखही काढले. देखाव्याला पहिला नंबर मिळाला. व्हिडिओ सगळ्या जिल्ह्याच्या मोबाईलवर फिरला, पण त्यात पट्टीचं ते शेवटचं वाक्यही होतं. उद्यमनगरात लोक पाठीवर थाप मारून म्हणायचे, "अण्णा, जिरवलीसा की!" आणि टाकी दुरुस्तीला टाकताना एकानं हसत हसत म्हटलं, "आतलं काय असंल ते आमाला आधीच सांगा हां, बाबा." बाहुबली हसला. घरी येईपर्यंत त्याचं हसू उतरलं होतं.

क्षमावाणीला तो सकाळीच पांढरे कपडे घालून दारात बसला. नातेवाईक आले, शेजारी आले, हात जोडून गेले. बाहुबलीची नजर कोपऱ्यावर. केतन आला की यंदा मोकळ्या मनानं क्षमा म्हणायचं, पाणीसुद्धा विचारायचं, असं त्यानं ठरवलं होतं. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं.

"कुणाची वाट बघताय?" अक्काताईंनी विचारलं.

"कुणाची न्हाई."

"दरवर्षी ज्याचं चुकलं हुतं त्यो येत हुता," त्या म्हणाल्या. "यंदा कुणी जायाचं ते तुमचं तुमी बघा."

बाहुबली उठला. चपला घातल्या. रस्ताभर त्यानं वाक्य घोळवलं: केतन, मी पट्टी आधीच बघितली हुती. शिडीवर चढून बघितली. तुला तसंच बसू दिलं. त्यात अवघड शब्द एकही नव्हता.

दार आदितीनं उघडलं आणि बाजूला झाली. केतन खुर्चीत बसला होता. बाहुबलीनं हात जोडले, तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, "केतन, वर्षभरात कळत-नकळत काय चुकलं असंल तर क्षमा असावी."

किती गुळगुळीत वाक्य ते, कुठं अडकलंसुद्धा नाही. केतन त्याच्याकडं बघत राहिला. तो वाट बघत होता, आणि कशाची, हे साऱ्या कोल्हापुरात बाहुबलीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. अजून वेळ होता. नुसतं 'पट्टी' म्हटलं असतं तरी चाललं असतं. बाहुबलीनं खाली फरशीकडं बघितलं.

"क्षमा," केतन म्हणाला.

शब्द शटरसारखा पडला. पाणी कुणी विचारलं नाही. बाहुबली चुळबुळत जरा वेळ उभा राहिला आणि मग पायरी उतरला. तो स्वर, ते आधीचं थांबणं, तो शेवटचा खटका, सगळं जसंच्या तसं उतरवलेलं होतं, कण न् कण. आणि हे मूळचं कुणाचं, असं कुणी विचारायची आता गरज नव्हती.